पावसाआधी वायपर बदल, भावा

गाडी घेतलीस, छान झालं. पण जूनमध्ये गगनबावड्याकडं निघायच्या आधी वायपर बघ. रबर पावसापेक्षा एप्रिल-मेच्या उन्हानंच जास्त खराब होतं. ते कडक होतं, चिरतं आणि पहिल्याच सरीत काचेवर रेघा उठतात. म्हणून मेच्या शेवटी नवी ब्लेड टाक, दरवर्षी. दोन्ही बाजूंची लांबी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, तेव्हा जुनी मोजून आणि ब्लेड दांडीला अडकवायचा हूक बघूनच दुकानात जा. माझं मत विचारशील तर बिनफ्रेमची सपाट ब्लेड घे, काचेच्या वळणावर सगळीकडं सारखी दाबून बसते. सिलिकॉनची महाग, पण ऊन जास्त सोसते. आणि धुळीच्या काचेवर कोरडा वायपर कधीच फिरवू नकोस रे, आधी पाणी मार. गगनबावड्याजवळच्या करूळ घाटात काच आतून धुरकटली तर एसी लाव, तिथं वायपरचा उपयोग नाही.