किट आहे, व्हिडिओ आहेत, तरी विज्ञान डोक्यात शिरत नाही

"मॅडम, घरात विज्ञानाचे तीन किट आहेत, रोज व्हिडिओ बघतो, आणि पेपरात 'परिपथ म्हणजे काय' याच्यापुढे कोरी जागा! याला समजतच नाही का हो?" चौथीतल्या मुलाची आई पहिल्याच भेटीत एका दमात बोलून गेली. मुलगा शेजारीच बसून सगळं ऐकत होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ही काळजी घेऊन कितीतरी पालक येतात.

पुढच्या भेटीला किट मागवलं. बटण दाबलं की बल्ब लागायचा.

"कसा लागला रे?"

"बटण दाबलं म्हणून."

उत्तर बरोबरच होतं. बल्ब होल्डरमध्ये पक्का बसवलेला, वायरी प्लास्टिकच्या खोक्यात बंद. जे समजून घ्यायचं, नेमकं तेच झाकलेलं.

मी १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा सुटा बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. हात लावायच्या आधी म्हटलं, "कसं जोडशील ते काढून दाखव." त्यानं सेलपासून बल्बच्या बुडापर्यंत एकच रेघ ओढली. नळातून पाणी यावं तशी वीज येते, ही त्याची समजूत. या वयात बऱ्याच मुलांची असते.

तसं जोडलं, बल्ब लागेना. आई सांगायला पुढे सरसावली, मी हातानंच थांबवलं. पुढची पाच-सहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. त्यानं बल्ब उलटा धरला, बुडाचा ठिपका न्याहाळला, बाजूच्या धातूच्या कड्यावर नखानं टकटक केलं. मध्येच सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरीनं जोडली, ती तापली, मी लगेच सोडायला लावली. भिंतीवरच्या प्लगशी असलं काही कधीच करायचं नाही, हेही तिथंच बजावलं. शेवटी एक वायर ठिपक्याला, दुसरी कड्याला.

"आई, याला दोन जागा आहेत!"

मग पुस्तकातली आकृती उघडली. त्यानं बोट फिरवत सेलपासून निघून पुन्हा सेलपर्यंत वाट पूर्ण केली. 'परिपथ' हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६६ मध्ये हाच क्रम मांडला होता: आधी हाताची कृती, मग चित्र, मग शब्द. आपण बहुतेक वेळा शब्दापासून सुरुवात करतो आणि मूल अडलं की त्याच्या बुद्धीवर शंका घेतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आईला एवढंच सांगितलं: नवं किट नको, आहे तेच उघडू द्या, आणि आधी त्याचा अंदाज विचारा.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर दोन्ही मंद का होतात, असं तो मलाच विचारतोय. मला येत नाही. तसं सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. आणि त्याला काय वाटतं, ते विचारलंत?"

"विचारलं ना. आता तिसरा बल्ब शोधतोय."