पत्र्याची वॉरंटी नक्की कशाची?

छपराचा पत्रा घेताना दुकानदार 'दहा वर्षं वॉरंटी' म्हणाला की आधी विचारा, कशाची? पत्र्याची, रंगाची की बसवणाऱ्याच्या कामाची? पत्रा गंजून भोक पडलं तर कंपनीकडे दाद मागता येते. स्क्रूजवळनं पाणी आलं तर ते फिटरचं काम. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात गळती बहुतेक तिथंच, स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हानं तडकला की. म्हणून फिटरकडनं वेगळं लिहून घ्या, निदान दोन पावसाळ्यांचं. तोंडी शब्दावर राहू नका. गडी गोव्याला कामाला गेला की फोनसुद्धा उचलत नाही! जीएसटीचं पक्कं बिल, पत्र्यावरचा छापील मजकूर, दोन्हीचे फोटो ठेवा. नंतर सोलरसाठी भोकं पाडायची असतील तर अटी आधी वाचा, बऱ्याच वॉरंट्या तिथंच संपतात.