भाच्याचे गोल भरपूर, पण ‘स्केटिंग कच्चं’ म्हणतात. स्काऊट नेमकं काय बघतात?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: भाचा सोळा वर्षांचा, कॅनडात आइस हॉकी खेळतो, संघात सगळ्यात जास्त गोल त्याचे. तरी कोच म्हणतात स्केटिंग कच्चं आहे, उंचीही बेताची. तर एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टची (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती निवड) आशा धरावी का?

मी स्काऊट, म्हणजे संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणारा, नाही. कॅलगरीत राहतो, मुलगा नऊ वर्षं खेळला. निवड चाचणीच्या दिवसांत जे पालक (स्वतःच्या मुलाचा वयोगट सोडून) हातात तक्ता घेऊन वरच्या बाकावर कुडकुडत बसतात, त्यांत मी असायचो. तक्त्यावर नावं नसतात, नुसते नंबर. बरेचदा साफ चुकलोही आहे.

गोलांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. त्यातले पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेत बसलेला असताना, किती झाले? त्याच्या जोडीला कोण खेळतं? आणि जन्मतारीख काय, ती तुम्ही लिहिलेलीच नाही. इथे वयोगट कॅलेंडर वर्षाने पडतात, म्हणजे जानेवारीतला मुलगा आणि डिसेंबरातला एकाच गटात, आणि त्या वयात अकरा महिन्यांत मिसरूडसुद्धा फुटतं. ड्राफ्टची रेघ आणखी वेगळी: 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. एनएचएलमधल्या ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997चा. दोन दिवसांनी 2015चा ड्राफ्ट हुकला, ते वर्ष तो झुरिकला मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि 2016ला पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

आता कच्च्या बाजूबद्दल. माझं मत असं, की उणीव किती मोठी यापेक्षा ती कुठली हे महत्त्वाचं. आमच्याच गावचा ब्रेडन पॉइंट घ्या. 2013-14च्या हंगामात मूस जॉक या ज्युनियर संघाकडून 91 गुण, म्हणजे गोल आणि गोलसाठीचे पास मिळून. तरी 2014च्या ड्राफ्टमध्ये 78 जणांची नावं पुकारली गेल्यावर, तिसऱ्या फेरीत, टॅम्पा बेने त्याला घेतलं. कारणं तीच, तुमच्या भाच्याची: उंची आणि स्केटिंग. मग बार्ब अंडरहिल या बाईंनी त्याच्या स्केटिंगवर काम केलं. त्या मूळच्या फिगर स्केटर, 1984च्या जोडीतल्या जगज्जेत्या. आज पॉइंटचा वेग हेच त्याचं हत्यार आहे. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी टॅम्पाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, दोन्ही प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) त्याचे 14-14 गोल. पुढे 2022-23च्या नियमित हंगामात 51.

म्हणजे पाय सुधारतात. गुडघे पुरेसे वाकत नसतील, ढकललेला पाय अर्धवटच परत येत असेल, तर त्यावर शिकवणी आहे, कष्ट आहेत. सगळ्यांचा पॉइंट होत नाही हे उघड आहे, पण दार बंद नसतं.

डोकं मात्र शिकवायला फार अवघड. आणि ते दिसतं कुठे? पक (चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) जवळ नसताना. माझं बालपण सांगलीकडचं, कबड्डी बघण्यात गेलं. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघायचं आणि जाणती माणसं कोपरारक्षकाकडे. इथेही तेच. पक कोपऱ्यात फळीकडे घरंगळत निघालाय, मुलगा त्याच्या मागे, पाठ सगळ्या बर्फाकडे. तिथे पोचायच्या आत तो खांद्यावरून मागे बघतो का? एकदा की दोनदा? ज्याने बघितलं त्याला पास कुठे द्यायचा ते आधीच ठाऊक असतं. ज्याने नाही बघितलं तो पक ताब्यात आल्यावर विचार करू लागतो, तोवर अंगावर धडक आलेली असते. मी तक्त्याच्या कडेला हे नुसत्या रेघा मारून मोजायचो. दुसरं, पक गमावल्यावर पहिली तीन पावलं: जीव तोडून मागे वळतो, की स्टिक आपटून घसरत राहतो? माझ्या अंदाजात सगळ्यात कमी चुका या दोन खुणांनी झाल्या.

परिपूर्ण कोणीच नसतो. कॉनर बेडार्ड 2023चा पहिला निवडलेला, त्याआधी रेजायना या ज्युनियर संघाकडून 57 सामन्यांत 71 गोल. फटका मारताना पक क्षणभर अंगाजवळ ओढतो, तेवढ्यात कोन बदलतो आणि गोलकीपर फसतो. एनएचएलमधल्या पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला. त्याच वर्षी फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू होतो तेव्हाची झटापट) मात्र शंभरातले जेमतेम 39 जिंकले, आणि प्लस-मायनस, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांची वजाबाकी, उणे 44. (त्यातलं बरंचसं शिकागोच्या दुबळ्या संघाच्या माथी मारायला हवं. हा आकडा एकट्याचा कधीच नसतो.)

उंची-वजनाचं फार मनावर घेऊ नका. ड्राफ्टआधी एक शारीरिक चाचणी होते, सायकल, उड्या, पुलअप. बर्फावर उतरायचंच नसतं! 2014ला सॅम बेनेटला एकही पुलअप जमला नाही, केवढी थट्टा झाली. तरी आमच्या कॅलगरीनेच चौथ्या क्रमांकावर घेतला. आमच्याकडे तो काही फारसा फुलला नाही. 2025च्या प्लेऑफमध्ये फ्लोरिडाकडून 15 गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक. आम्ही बसलो टीव्हीसमोर हात चोळत.

तुम्ही लांबून व्हिडिओच बघत असाल, तर सामन्याचं प्रक्षेपण कामाचं नाही, कॅमेरा पकच्याच मागे धावतो. ताईंना सांगा, वरच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून दोन-तीन शिफ्ट (बर्फावर उतरण्याच्या पाळ्या) फक्त त्यालाच फोनमध्ये घ्या, पक कुठेही जावो. एक शिफ्ट जेमतेम पाऊण मिनिटाची असते, हात दुखणार नाही.