लोकसंख्या वाढतच राहणार, मग वन्यप्राण्यांना जागा उरणार कशी?

डोकी मोजण्याआधी जमीन कशी वापरतोय ते बघा. जुन्नरला धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला लपायला बारमाही जागा मिळाली. तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात; वनखातं ती तिथेच क्रेटखाली ठेवतं, रात्री मादी येऊन घेऊन जाते. एक बिबट्या पकडून हलवला की त्या जागी दुसरा येतो, म्हणून नुसते पिंजरे मागून भागत नाही. बंदिस्त गोठे आणि शेतीला दिवसा वीज (रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा!) जास्त कामाची.

रस्त्यांचं म्हणाल, तर पेंचमधल्या महामार्गाखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्यात. तिथून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपलेत. नवा रस्ता आखतानाच हे मागायला हवं.