इंजिनाची पट्टी आणि मित्रांची चर्चा

प्रश्न : आम्ही सात-आठ जण बुद्धिबळाचे मोठे डाव एकत्र बसून थेट पाहतो. पण इंजिनाची (चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामची) कोणाचं पारडं जड ते दाखवणारी पट्टी हलली की निकाल लागल्यासारखं होतं आणि चर्चाच थांबते. काय करावं?

उत्तर : पट्टी झाका. टीव्हीवर डाव, मध्ये खरा पट, आणि चाली मांडायला एकच माणूस. बाकीच्यांचे फोन बंद, कारण प्रत्येक प्रक्षेपण वेगवेगळ्या उशिराने येतं आणि एकाचा फोन पुढे असला की चाल आधीच फुटते. खेळाडू विचारात बुडाला की प्रत्येकाने आपली चाल कागदावर लिहावी, प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरासकट. चाल पडल्यावरच इंजिन लावा. इंजिनाचा आकडा ०.३ म्हणजे जवळपास बरोबरी. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

आकडा एकदम उडाला की मात्र थांबा आणि कारण पटावर शोधा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा डाव. पांढऱ्या सोंगट्यांच्या डिंगने ५५व्या चालीला हत्ती एफ२ या घरावर आणला. बरोबरीचा डाव क्षणात हरला, तो का? त्याचा उंट ए८च्या कोपऱ्यात होता. हत्तींची मारामारी झाल्यावर गुकेशने उंट डी५वर, त्याच तिरक्या रेषेत ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला दुसरी रेषाच नाही, त्यामुळे उंटही कटले. उरले फक्त राजे, आणि डिंगच्या एका प्याद्याविरुद्ध काळ्याची, म्हणजे गुकेशची, दोन प्यादी. हे पट्टी सांगत नाही. सोंगट्या हलवल्यावरच दिसतं.

घड्याळावरही लक्ष हवं. त्या सामन्यात पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि चालीमागे ३० सेकंदांची भर ४१व्या चालीपासून. म्हणजे ४०व्या चालीच्या आधी वेळ संपत आला की भर मिळत नाही आणि घाई होते. म्हणून चहा ३०व्या चालीआधीच उरका.