पुढे म्हणजे कुठे?

सावदा,
आखाजी (अक्षय्य तृतीया) आठ दिवसांवर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. केळी निर्यातीच्या ऑफिसात बसायला लागलीस, दुबईच्या मेलना उत्तरं देतेस, वाचून बरं वाटलं. साहेबांनी तुझं एक वाक्य लाल करून परत पाठवलं, त्याचा फार घोर करू नको. त्या वाक्याकडे शेवटी येतो. वेळेबद्दलच्या इंग्रजी वाक्प्रचारांची यादी मागितलीस, ती मात्र पाठवणार नाही. याद्या पाठ करूनच मी एकदा सपाटून आपटलो होतो.

तेव्हा मी रावेरकडच्या एका व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार बघायचो. बुधवारी कंटेनर लागायचा होता. तिकडून मेल आला, लोडिंग ‘ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज’. फॉरवर्ड म्हणजे पुढे, एवढं कोणाला येत नाही? मी लगेच शेतकऱ्याला फोन लावला, "कापणी दोन दिवस पुढे गेली, आता शुक्रवारी." सोमवारी सकाळी पाहतो तर गार कंटेनर पॅकहाउसच्या दारात, घड झाडावर आणि मजूर दुसऱ्याच्या बागेत. मालक दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच विचारलं, "भो, पुढे म्हणजे कुठे?"

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. आपल्याकडे तारीख पुढे गेली की लांबली. पुढे ढकलली म्हटल्यावर कोणी वेगळा अर्थ काढत नाही. इंग्रज मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतो तेव्हा दिवस स्वतःकडे ओढून घेतो, म्हणजे बुधवारचा सोमवार होतो. गंमत अशी, की ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ म्हटलं तर त्यांचे त्यांनाही कळत नाही. मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारून पाहिलाय: बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली, आता कधी? काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. म्हणून तू वार आणि तारीख लिही. समोरच्याचं मोघम आलं तर उलट मेल करून विचार, त्यात कमीपणा नाही. आणि ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेला दिवस अलीकडे आणणे, असं लिहिण्याआधी समोरचा कोण आहे ते बघ. शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेलाय, पण वाढला आपल्याच देशात. परदेशातला माणूस अडखळू शकतो.

आता पैशाकडे येऊ. इंग्रजीत वेळ खर्च होतो, वाचतो, विकत घेता येतो, उसनासुद्धा मिळतो. बेंजामिन फ्रँकलिननं 1748 साली एका तरुण धंदेवाल्याला सल्ल्याचं पत्र लिहिलं, त्यातलं ‘टाइम इज मनी’ जगभर झालं. त्याचा हिशोब सरळ होता. दिवसाला दहा शिलिंग कमावणारा अर्धा दिवस बसून राहिला आणि मौजेत सहा पेन्स उडवले, तर खर्च सहा पेन्सचा नाही, वर पाच शिलिंगही गेले. आपल्याला हे अगदीच परकं नाही. सालदाराचं साल आखाजीलाच ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. माणूस अख्खं वर्ष बांधून देतो. पण वर्ष विकणारा हा मुलूख तास विकायची भाषा बोलत नव्हता. पाहुण्याला आपण म्हणतो, "वेळात वेळ काढून आलात." विहिरीतून पाणी काढावं तसा वेळातून वेळ काढायचा! मला विचारशील तर ‘थँक यू फॉर युवर टाइम’ याच्यासमोर कोरडं वाटतं, पण मेलमध्ये तेच लिही. आणि ‘किलिंग टाइम’ला ‘वेळ मारून नेणे’ समजू नको. पहिल्यात माणूस स्टेशनवर शेंगा खात गाडीची वाट बघतो. दुसऱ्यात उधारी मागायला आलेल्याला "उद्या बघतो" म्हणून वाटेला लावतो.

खरी मौज आपल्या ‘वेळ’ शब्दात आहे. शाळेत कोणी सांगितलं नाही, तरी तू रोज बिनचूक वापरतेस. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तास वाया. ‘माझी वेळ गेली’ म्हणजे संधीच हुकली. तो वेळ लांबीचा, ती वेळ नेमकी. इंग्रजीला असं लिंग नाही, एकच ‘टाइम’. मग ते शब्दाच्या आधी काहीतरी जोडून भागवतात. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळेला. ‘इन टाइम’ म्हणजे उशीर व्हायच्या आत. भुसावळला गाडी ऑन टाइम आली आणि तू इन टाइम पोहोचली नाहीस, तर दोन्हींतला फरक प्लॅटफॉर्मवरच समजतो. तुझ्या कामात हा फरक रोज लागणार, कारण न्हावाशेवा बंदरात जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, असते. कंटेनर त्याच्या आत गेटवर लागला पाहिजे, म्हणजे इन टाइम.

आता तुझं लाल वाक्य. ‘आय विल सेंड द पॅकिंग लिस्ट टिल फ्रायडे.’ तू मनात ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणालीस आणि पर्यंतला ‘टिल’ ठेवलंस. आपलं ‘पर्यंत’ दोन कामं करतं. ‘शुक्रवारपर्यंत थांब’ यात थांबणं चालूच राहतं, तिथे ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत दे’ यात एकदाच द्यायचंय, फार तर शुक्रवारी, तिथे ‘बाय’. तुझ्या वाक्यावरून दुबईवाल्याला वाटलं असेल, ही पोरगी शुक्रवार उजाडेपर्यंत याद्याच पाठवत बसणार! एक शब्द बदल आणि पुन्हा पाठव, माफीचा परिच्छेद जोडू नको.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चं समोर बसून सांगतो, ते पत्रात मावणार नाही. आखाजीला माहेरी येशीलच. काकूनं झोक्याचा दोर आत्ताच काढून ठेवलाय. आमरसाला आमच्याकडे बारापर्यंत ये. यातलं ‘पर्यंत’ कोणतं, ते आल्यावर सांग.

तुझा,
काका