उपकेंद्राच्या प्रस्तावात गावाची लोकसंख्या कुठली धरायची?

तुमचा प्रश्न असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं तुमचं गाव आणि शेजारची गावं मिळून आरोग्य उपकेंद्र मागायचं आहे, आणि लोकसंख्येचे तीन आकडे हाती आहेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर २०११ चा, एका संकेतस्थळावर 'लोकसंख्या २०२५' म्हणून त्यापेक्षा बराच मोठा, आणि आशाताईंच्या वहीत तिसराच. यातला कोणता द्यायचा?

संकेतस्थळाचा आकडा आधी बाजूला काढा. २०११ नंतर देशात कुणीही गावोगाव जाऊन सगळी माणसं मोजलेली नाहीत. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच. अशी संकेतस्थळं २०११ च्या आकड्याला वाढीचा एक दर लावून मोकळी होतात. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली हे खरं, पण त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. सिंधुदुर्गाचीही घटली. राज्याचा दर कोकणातल्या गावाला लावला, तर जी माणसं मुंबई-ठाण्याला गेली ती कागदावर गावातच राहतात आणि वर त्यांची संख्या वाढतेही. सरकारच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ साठी अंदाज केले आहेत. त्यांत वयोगट, जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा वेगळा हिशेब आहे, पण ते राज्याच्या पातळीवर थांबतात. गावाचा अंदाज त्यातून निघत नाही.

आता फलकावरचा आकडा. जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा, म्हणून काम केलं आहे, पुढे पर्यवेक्षक म्हणूनही, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघरी मोजणी झाली. बेघर माणसं २८ तारखेच्या रात्री मोजली. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त केले. सगळा हिशेब १ मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्रीचा धरायचा. त्यातला महत्त्वाचा नियम हा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो माणूस घराबाहेर आहे त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जाईल.

हा नियम घरच्यांना समजावणं हे कोकणातल्या प्रगणकाचं सगळ्यात अवघड काम. म्हातारी आई समोर रेशन कार्ड धरते, त्यावर मुंबईतल्या दोन मुलांची नावं असतात, आणि म्हणते, "गुरुजी, ह्यांची नावं घ्या ना, गणपतीला येतात की." घेता येत नाहीत. ती मुलं नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला मोजली जाणार. म्हणून रेशन कार्डावरची माणसं, मतदार यादीतली माणसं आणि जनगणनेतली माणसं कोकणात कधीच जुळत नाहीत, आणि जुळायला हवीत अशी अपेक्षाही चूक आहे. मराठवाड्यात हाच नियम वेगळा दिसतो. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीडकडचं जोडपं कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असेल तर ते तिथल्या खोपीत मोजलं गेलं पाहिजे, गावात नाही.

वयाचंही तसंच. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं "साठ असेल", "पंचावन्न धरा" म्हणतात, आणि तक्त्यात शून्य नि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांचा ढीग पडतो. आमच्या भागात उपाय ठरलेला: "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा केवढ्या होतात?" तो ११ डिसेंबर १९६७ चा. "कडेवर पोर होतं" असं उत्तर आलं की वय बऱ्यापैकी पक्कं बसतं.

एवढं करूनही माणसं सुटतात. जनगणनेनंतर नमुन्याने फेरतपासणी करतात. २०११ ला त्यात हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं, आणि ते लपवून न ठेवता जाहीर केलं. या आकड्यावर माझा भरवसा आहे तो यामुळेच. किती चुकला हे जो आकडा स्वतः सांगतो, तो सरकारी कागदावर टिकतो.

जन्म-मृत्यूची नोंदवही वापरून आकडा पुढे नेता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. म्हणजे २०११ अधिक जन्म, वजा मृत्यू. ऐकायला सोपं आहे, पण गावाच्या पातळीवर हे फसतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. तुमच्या गावच्या सुनेचं बाळंतपण चिपळूणला झालं तर नोंद तिथल्या नगरपरिषदेत. पहिलं बाळंतपण माहेरी, तर नोंद कदाचित साताऱ्यात. ग्रामसेवकाच्या वहीत वर्षाला मोजके जन्म दिसले म्हणून गावात मुलं होत नाहीत असा निष्कर्ष काढू नका. आणि मुंबईला गेलेला माणूस तर कुठल्याच वहीत उतरत नाही.

नमुना पाहण्या या कामाला चालत नाहीत, पण गोंधळ होऊ नये म्हणून दोन शब्द. नमुना नोंदणी पद्धतीत निवडलेल्या वस्तीत एक स्थानिक माणूस, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न बघता स्वतंत्र पाहणी करतो. मग दोन्ही ताडून जे जुळत नाही ते पुन्हा घरी जाऊन तपासतात. देशाचा नि राज्याचा जन्मदर, बालमृत्यूदर येतो तो इथून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. तिच्या पाचव्या फेरीत हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आल्या आणि 'देशात स्त्रिया जास्त झाल्या' अशा बातम्या झळकल्या. ती पाहणी निवडलेल्या घरांत आदल्या रात्री कोण झोपलं होतं हे विचारते. वसतिगृहं, छावण्या, बांधकामावरचे तळ, जिथे पुरुष जास्त असतात, ती तिच्यात येत नाहीत. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या त्याचं कारण मात्र बहुतांशी वेगळं, पुरुष मुंबईला.

जुन्या आकड्याचा फटका प्रस्तावापुरता नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालचे देशातले सुमारे ८१.३५ कोटी लाभार्थी २०११ च्या लोकसंख्येवरून ठरले, महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी आले. नवीन नाव घालायला गेलं की पुरवठा शाखेत "इष्टांक संपला", म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थी-संख्या भरली, असं ऐकावं लागतं ते यामुळे. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, प्रभागरचना, सगळं त्याच पायावर. राज्यांमधलं लोकसभेच्या जागांचं वाटप तर अजून १९७१ च्या आकड्यांवर आहे. एक जनगणना लांबली की त्याची किंमत नव्याने वाढलेल्या वस्त्यांतली माणसं मोजतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर तुमच्या प्रस्तावाबद्दल. उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक, डोंगराळ, आदिवासी किंवा दुर्गम भागात ३,००० मागे एक. तुमचा भाग डोंगराळ आहे हे प्रस्तावात आधी लिहा. सगळ्या गावांचे २०११ चे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेतून घ्या, फलकावरून नको, तिथे रंगवताना अंक बदलतात. त्याखाली वेगळ्या तक्त्यात आशा आणि आरोग्य सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षणातली आजची संख्या द्या, सर्वेक्षणाची तारीख आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीसह. अंगणवाडीच्या सर्वेक्षणातली सहा वर्षांखालची मुलं जोडा. दोन्ही तक्त्यांची सरासरी काढू नका, एकात एक मिसळू नका. आणि तिसरी गोष्ट जी कुठल्याच आकड्यात नाही ती शब्दांत लिहा: गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावात किती घरं उघडतात, त्या काळात सर्पदंशाचा किंवा तापाचा रुग्ण कुठवर न्यावा लागतो, शेवटच्या वाडीपासून दवाखाना किती अंतरावर आहे.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ सुरू होतानाच्या मध्यरात्रीच्या हिशेबाने व्हायची आहे. मात्र गावनिहाय आकडा लगेच हाती येईल असं धरू नका. २०११ ला प्राथमिक बेरजा त्याच ३१ मार्चला आल्या, पण अंतिम जनगणना सार, म्हणजे पक्क्या आकड्यांचे तक्ते, यायला एप्रिल २०१३ उजाडलं. म्हणून प्रस्ताव थांबवू नका, आत्ताच पाठवा. फेब्रुवारीत प्रगणक गावात आले की वरच्या वाड्यांच्या वाटा दाखवायला कुणीतरी जाणता माणूस सोबत द्या आणि नजरी नकाशात, म्हणजे ते हाताने काढतात त्या अंदाजे नकाशात, धनगरवाडी आली आहे की नाही हे त्यांना विचारा.